मृत ओळी

"पुसलं म्हंजी काय गं, द्वारके?"

सकाळचे साडेअकरा वाजले होते. आरोग्यवेध न्यासाच्या कचेरीत सात माणसं आपापल्या पडद्यांसमोर बसली होती. दारात द्वारकाची थोरली बहीण मथुरा उभी होती. चिंचधऱ्याहून जीपनं आली होती, चपला धुळीनं पांढऱ्या झालेल्या. ती बसली नाही, तिनं पाणीही घेतलं नाही.

"अक्का, बाहेर चल. आपण निवांत..."

"बाहेर कामून? समद्या गावाला कळलंय. तुझ्या हापिसाला कळलं तर काय बिघडतंय?"

तिनं हातातला फोन टेबलावर आपटला. पडद्यावर 'टोळीसाथी' नावाच्या ॲपचं पान उघडं होतं. द्वारकाला ते ॲप ऐकून माहीत होतं. सपाट रानांतला ऊस आता यंत्रं तोडत होती. चढउताराची, ओली, लहान रानं तेवढी माणसांसाठी उरली होती. जिथं चाळीस जोडपी लागायची तिथं आता बारा लागत. ती बारा कोणती, हे यंदापासून ॲप ठरवत होतं आणि मुकादम वाचून दाखवत होता.

द्वारकानं वाचलं.

मथुरा बबन केकान. वय ३७. गर्भाशय : आहे. पाळीत अतिरक्तस्राव. हंगामात अपेक्षित खाडे : बावीस. शिफारस : नको.

'गर्भाशय : आहे' हे तिनं पुन्हा वाचलं. तिच्या माहितीप्रमाणे मथुराचं ऑपरेशन बारा वर्षांपूर्वीच झालं होतं. सगळ्या गावाच्या माहितीप्रमाणे झालं होतं.

"जालिंदर मुकादमानं देवळाम्होरं वाचलं," मथुरा म्हणाली. "बापे बसल्याले, पोरं बसल्याली. म्हनला, बारा वर्सं ह्या बाईनं आपल्याला येड्यात काढलं. जा म्हनला, खरंच काढून ये, मग नाव घेतो."

"अक्का, तू ऑपरेशन केलंच नव्हतंस?"

"न्हाई केलं. आमी पाचजणी गेलतो. मुकादमानंच जीप केलती. पाळी आली की बाई दोन-तीन दिवस मागं पडती, म्हनून पिशवीच काढून टाका, असा त्येचा धोशा. डाक्टरनं कुनाला हात लावला न्हाई, का तपासलं न्हाई. एका वळीनं पाचींच्या कागदावर लिवलं, पिशवीला गाठ हाय, कॅन्सर व्हईल, आजच काढा. मला भ्या वाटलं. म्या संडासाच्या दारानं भाईर पडले, मावशीच्या घरी आठ दिस निजले, अन् झालं म्हनून सांगितलं. बबनला तेवढं ठावं व्हतं. बारा वर्सं फडात लपूनछपून कापडं धुतली. तुला बी सांगितलं न्हाई." तिचा आवाज चढला. "सांगितलं ते तुझ्या त्या सर्व्हेवाल्या बाईला. कामून सांगितलं? तू म्हनलीस म्हनून. तू म्हनलीस, अक्का, खरं काय ते सांग, वरीसभरानं म्या माझ्या हातानं पुसनार हाय."

"मी पुसलं होतं, अक्का."

"मग ह्यो काय हाय?"

कचेरीत कोणीच मान वर केली नाही. मथुरानं फोन उचलला, पदर खोचला आणि ती निघून गेली. द्वारका तिच्यामागं फाटकापर्यंत गेली. मथुरा तिच्याकडं न बघता जीपमध्ये चढली.

*

सहा वर्षांपूर्वी न्यासानं तीन हजार एकशे बारा ऊसतोड बायकांची आरोग्य पाहणी केली होती. कोणत्या वयात काय झालं, कोणत्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, संमतीच्या कागदावर कोणाची सही होती, घरात कोणाला काय ठाऊक आहे, असे एकशे चाळीस प्रश्न होते. वर्षानं पुन्हा भेटायचं म्हणून नावं ठेवली होती. पाहणी संपली की नोंदी पुसायच्या, असं प्रत्येकीला लिहून दिलं होतं. द्वारका स्वतः ऊसतोडीच्या घरातली. बायका बोलायला तयार नव्हत्या, तेव्हा तिनंच गावोगाव फिरून शब्द दिला होता. नोंदी मात्र तिनं कधी उघडून वाचल्या नाहीत. तसा नियम होता आणि तिनं तो पाळला होता.

वर्ष संपलं तेव्हा तिनं पुसायची आज्ञा दिली. पडद्यावर उत्तर आलं, ३११२ ओळी काढल्या. तिनं प्रमाणपत्र छापलं : 'वरील नोंदी कायमस्वरूपी नष्ट करण्यात आल्या आहेत.' खाली सही केली. द्वारका विश्वनाथ गिते, डेटाबेस व्यवस्थापक.

ते प्रमाणपत्र खोटं होतं, हे सही करतानाही तिला पुरतं माहीत होतं.

डेटाबेसला ओळ काढ म्हटलं की तो ती काढत नाही. ती मृत झाली, अशी खूण तिच्यावर करतो. शोधणाऱ्याला ती दिसत नाही, पण अक्षरं असतात तिथंच असतात. नंतर कधी जागा लागली तर त्यावर दुसरं काही लिहिलं जातं. तेही डेटाबेसला वाटतं तसं त्याच जागी होत नाही. डिस्कच्या आत अब्जावधी इवल्या पेशी असतात. प्रत्येक पेशीत विजेचे थोडे कण कोंडलेले असतात, आणि किती कण कोंडले आहेत त्यावरून अक्षर ठरतं. एकच पेशी पुन्हा पुन्हा वापरली तर झिजते, म्हणून डिस्क नवं लिखाण दरवेळी नव्या जागी नेते आणि जुनी जागा तशीच सोडून देते. ती जागा कधी तरी रिकामी केली, तरी पेशीच्या भिंतीत चार-दोन कण अडकून राहतातच.

पूर्वी त्या चार-दोन कणांना कोणी विचारत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी अवशेषवाचक आला. पुरात बुडालेल्या दवाखान्यांच्या नोंदी परत मिळाव्यात, म्हणून एका संशोधक गटानं ते यंत्र बनवलं होतं. डिस्क उणे दोनशे अंशांपर्यंत थंड करायची, एकेक पेशी हजारो वेळा मोजायची आणि उरलेल्या कणांवरून आधी तिथं काय होतं याचा अंदाज बांधायचा. दहातले आठ अंदाज बरोबर यायचे. पुरातले लोक सुखावले. मग बाकीच्या लोकांच्या लक्षात आलं, की आपण आजवर पुसलेलं सगळंच परत येऊ शकतं. जुने फोन विकलेली माणसं हादरली. मोडलेली लग्नं, मिटवलेल्या तक्रारी, फाडलेले अहवाल वर यायला लागले. काही कंपन्या भंगारवाल्यांकडून जुन्या डिस्क पोत्यानं उचलायला लागल्या.

न्यासाच्या सर्व्हरमध्ये बारा डिस्क होत्या. त्यातल्या चार मध्यंतरी बिघडल्या आणि भंगारात गेल्या. ज्या हजारेक बायकांच्या नोंदींचे तुकडे त्या चारांत होते, त्या आता टोळीसाथीच्या पडद्यावर होत्या. मथुरा त्यातली एक. उरलेल्या आठ डिस्क नवा सर्व्हर आल्यापासून खाली भांडारात, लोखंडी कपाटात होत्या.

*

डॉ. अनंत चौसाळकर न्यासाचे संचालक. फडावरच्या साखरशाळेत द्वारका त्यांना भेटली तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचं पुढचं सगळं शिक्षण त्यांनी करवलं, नोकरीही त्यांनीच दिली. त्यांच्या खोलीत ती आजवर कधी न विचारता बसली नव्हती. आज बसली.

"सर, टोळीसाथीकडे आपल्या नोंदी आहेत."

"कळलं मला. वाईट झालं." त्यांनी चष्मा काढला. "पण आपण त्या पुसल्या होत्या. त्या काळी जी पद्धत होती तिनं पुसल्या. कायद्यानं आपण स्वच्छ आहोत."

"त्या काळीसुद्धा मी तुम्हाला सांगितलं होतं. डिस्क दळून टाका म्हटलं होतं. चुरा करायचं यंत्र पुण्याहून भाड्यानं मिळत होतं. तुम्ही म्हणालात, डिस्क चांगल्या आहेत, वापरू."

"आणि तू सही केलीस."

द्वारकानं मांडीवरची पर्स जवळ ओढली.

"मी तुला दोष देत नाही," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले. "उद्या कोणी विचारलं तर आपण दोघं एकच उत्तर देऊ, एवढंच म्हणतोय. आणि उरलेल्या डिस्कची काळजी तू करू नकोस. त्या गुरुवारी जातायत."

"कुठं?"

"एका संस्थेबरोबर संशोधन करार झालाय. ग्रामीण आरोग्याचा जुना डेटा त्यांना हवाय. नावं गाळून वापरतील."

"सर, ही संस्था टोळीसाथीचीच आहे ना?"

ते चष्मा पुसत राहिले.

"दोन हजार बायका अजून वाचलेल्या आहेत," द्वारका म्हणाली. "दोन हजार. तुम्ही त्यांनाही देऊन टाकताय? माझ्या बहिणीला देवळापुढं उभं करून तिच्या पाळीचा हिशेब वाचला, सर. पुरुषांसमोर."

"द्वारका, भावनेच्या भरात..."

"पाहणीच्या अहवालात तुम्ही दवाखान्यांची नावं का गाळलीत? एकाच दवाखान्यात सर्वांत जास्त ऑपरेशनं झाली होती, एवढं तेव्हा कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. तो दवाखाना आपल्या एका विश्वस्तांच्या जावयाचा आहे, म्हणून?"

डॉक्टरांनी पहिल्यांदा तिच्याकडं थेट पाहिलं. त्या नजरेत तिला शाळेतला तो प्रेमळ माणूस कुठं सापडला नाही.

"हा न्यास उभा राहिला म्हणून तू शिकलीस," ते म्हणाले. "तुझ्यासारखी चारशे मुलं शिकली. ते मोडायचंय का तुला? गुरुवारी गाडी येईल. भांडाराची किल्ली टेबलावर ठेवून जा."

किल्ली तिच्या पर्समध्ये होती. तिनं ती ठेवली नाही.

*

दुसऱ्या दिवशी ती चिंचधऱ्याला गेली. रस्त्यात तिनं सगळं ठरवून टाकलं होतं. गुरुवारच्या आत डिस्क उचलायच्या, दगडी खाणीवरच्या क्रशरमध्ये टाकायच्या, काम संपलं.

मथुराच्या अंगणात तिच्याआधीच भांडण चालू होतं. शेवंता सानप ओट्यावर काठी टेकून उभी होती. मथुराबरोबर त्या दिवशी जीपमधून गेलेल्या पाचींपैकी ती एक. वय अडतीस, पण कमरेत वाकलेली, केस पांढरे, चेहरा साठीच्या बाईचा. ऑपरेशननंतर तिची हाडं ठिसूळ होत गेली, दोनदा पाय मोडला.

"तू पळालीस ते पळालीस," शेवंता ओरडत होती, "आमाला हाक कामून न्हाई मारलीस? शेजारच्या खाटंवर व्हते मी. एवढं म्हनली असतीस, शेवंते, ऊठ. बस. एवढंच."

"भ्याले व्हते गं मी."

"आमी बी भ्यालो व्हतो! बारा वर्सं तू माझ्या दुखण्याला तेल चोळीत आलीस. म्हनलीस, मला बी असंच दुखतंय. खोटं बोललीस, मथुरे. माझ्या कमरंला हात लावून खोटं बोललीस."

मथुरा खाली बसली आणि तोंडात पदर घालून रडायला लागली. तिचा नवरा बबन गोठ्याच्या दारात नुसता उभा होता. द्वारकानं पुढं होऊन बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. मथुरानं तो झटकला.

"तू नगं. तू तर बिलकुल नगं."

द्वारकानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मृत ओळी सांगितल्या, भंगारातल्या चार डिस्क सांगितल्या, कपाटातल्या आठ सांगितल्या. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून धड्याचं नाव खोडावं आणि धडा आत तसाच राहावा, तसं मी केलं, असंही सांगितलं.

"म्हंजी तू पुसलंच न्हाईस," मथुरा म्हणाली. "नुसतं झाकलंस."

"हो."

"अन् तुला ठावं व्हतं."

"हो, अक्का. मला ठाऊक होतं. सरांपुढं अडून बसायची हिंमत झाली नाही. म्हणून आता मी त्या आठही डिस्कचा चुरा करणार आहे. परवाच्या आत. मग निदान बाकीच्यांचं तरी..."

"थांब," शेवंता म्हणाली. ती काठी टेकत द्वारकाच्या अगदी जवळ आली. "माझं त्यात हाय का?"

"तुमचं नाव ॲपवर आलेलं नाही, म्हणजे बहुतेक त्या आठांतच असेल."

"त्यात काय काय लिवलंय?"

"तुम्ही जे सांगितलं ते. आणि पाहणीवाल्यांनी त्या वेळी दवाखान्यात जाऊन तुमच्या फाईलीतल्या कागदाचा फोटोही घेतला होता."

शेवंतानं काठी जमिनीवर आपटली. "ती फाईल मी तीन साल मागतीय. दवाखाना म्हनतो, जळाली. तुमच्या नावचं काईच न्हाई आमच्याकडं. पाय मोडला तव्हा सरकारी डाक्टर म्हनला, कागद आना, केस करू. कुठून आनू? अन् तुझ्याकडं हाय, अन् तू ते क्रशरात घालनार?"

"मावशी, ते राहिलं तर कंपनीच्या हाती जाईल. सगळ्यांची अब्रू..."

"अब्रू माझी, कागद माझा, पिशवी माझी व्हती. मुकादमानं मला न इचारता सही केली. डाक्टरनं न इचारता कापलं. आता तू न इचारता पुसनार. तुमच्यात अन् त्यांच्यात फरक काय मग?"

आपण इतकी वर्षं शिकलो आणि इतका साधा प्रश्न आपल्याला एकदाही पडला नाही, याचा द्वारकाला विलक्षण संताप आला.

"माझं मला दे," शेवंता म्हणाली. "हातात दे. मग बाकीचं दळ न्हाईतर जाळ."

*

गुरुवारी सकाळी नऊ वाजता सहा जीपगाड्या न्यासाच्या फाटकात उभ्या राहिल्या. चिंचधऱ्याच्या आणि आसपासच्या चार गावांतल्या त्रेसष्ट बायका खाली उतरल्या आणि भांडाराच्या दारापुढं, बोळात, जिन्यावर बसल्या. घोषणा नाही, फलक नाही. शेवंता दाराला पाठ टेकून बसली. मथुरा तिच्यापासून लांब, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर.

दहाला कंपनीची गाडी आली. साडेदहाला डॉ. चौसाळकरांनी पोलिसांना फोन केला.

फौजदार इंगोले मॅडम दोन हवालदारांना घेऊन आल्या. त्यांनी बायकांकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं.

"यांनी बेकायदा अडवणूक केलीय," डॉक्टर म्हणाले. "आत न्यासाची मालमत्ता आहे. रीतसर करारानं ती द्यायचीय."

"आत काय आहे?"

"जुन्या डिस्क. रिकाम्या. सगळं पुसलेलं आहे, त्याचं प्रमाणपत्र आहे आमच्याकडं." त्यांनी फाईल उघडून कागद पुढं केला.

द्वारका बोळातून पुढं आली. "मॅडम, त्या प्रमाणपत्रावर सही माझी आहे. ते खोटं आहे."

"द्वारका," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "नीट विचार कर. सही तुझी आहे. पहिली तू आत जाशील."

"जाईन. पण तुमच्यासाठी पुन्हा एकदा गप्प बसणार नाही. तुम्ही मला शिकवलंत, त्याचे उपकार मी नऊ वर्षांची असल्यापासून फेडतेय. या बायकांनी तुमचं काय घेतलं होतं? त्यांनी तर तुम्हाला दिलं. कुणाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही ते पोत्यात भरून विकलंत!" तिचा आवाज बोळभर घुमला. वरच्या मजल्यावरची सात माणसं कठड्याशी येऊन उभी राहिली.

इंगोले मॅडमनी हवालदाराला कागद काढायला सांगितला. "बाई, तुम्ही काय म्हणताय ते लेखी देता?"

"आत्ता देते."

जिन्यावर बसूनच तिनं लिहिलं. नोंदी नष्ट झालेल्या नाहीत हे मला माहीत होतं. तरी मी प्रमाणपत्र दिलं. त्या नोंदी भांडारातल्या आठ डिस्कवर अजून वाचता येण्याजोग्या आहेत. चार डिस्क बाहेर गेल्या, त्यातून एक हजाराहून अधिक महिलांची खासगी माहिती फुटली. तारीख, सही.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग डॉक्टरांकडं वळून म्हणाल्या, "साहेब, आता ह्या डिस्क तुमच्या मालमत्तेत मोडत नाहीत. गुन्ह्याचा पुरावा आहे हा. सील होणार."

कंपनीची गाडी रिकामी परत गेली. द्वारकाला पोलिसांच्या जीपमधून ठाण्यात नेलं. चढताना तिनं मागं पाहिलं. मथुरा पायरीवर उभी राहिली होती, पण तिनं हात हलवला नाही.

*

न्यायालयाचा आदेश यायला आठ महिने लागले. तोवर द्वारकाची नोकरी गेली, तीन वर्षं कोणत्याही नोंदींचं काम करायला बंदी आली, खटला चालू राहिला. आदेश असा होता : प्रत्येक नोंद वाचून काढावी, ज्या बाईची असेल तिच्याच हाती द्यावी, दुसऱ्या कोणी ती ठेवू नये, आणि मग डिस्क बायकांच्या डोळ्यांसमोर दळाव्यात.

लातूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अवशेषवाचक होता. तो नसीम बागवान चालवायची. द्वारकाची जुनी वर्गमैत्रीण. द्वारकाला यंत्राला हात लावायची परवानगी नव्हती. ती काचेच्या अलीकडं बाकावर बसायची. एकेक डिस्क वाचायला नऊ दिवस लागले. मृत ओळी हळूहळू उठून बसत होत्या. काही पूर्ण, काहींची मधली अक्षरं गेलेली, काही नुसतं नाव आणि वय. नसीम पडदा न बघता छापत होती, पाकिटं बंद करत होती, वर नाव चिकटवत होती.

दळायच्या दिवशी अडीचशेच्या वर बायका लातूरला आल्या. बाकीच्यांची पाकिटं आधीच गावोगाव जाऊन त्यांच्या हाती दिली होती. चुरा करायचं यंत्र आवारात मांडलं होतं. आधी पाकिटं वाटली. कोणी तिथंच फाडून टाकलं. कोणी न उघडता पोलक्यात ठेवलं. एका तरुण बाईनं ते काडी लावून जाळलं आणि राख होईपर्यंत हलली नाही. शेवंतानं मात्र पाकीट फोडलं आणि द्वारकासमोर धरलं.

"वाच. मोठ्यानं वाच."

द्वारकानं वाचलं. संमती : जालिंदर मुकादम, 'भाऊ' म्हणून. तपासणी : नाही. कारण : कॅन्सरची शक्यता. खाली डॉक्टरची सही, दवाखान्याचा शिक्का, तारीख. फोटो जरा धूसर होता, पण शिक्का स्पष्ट होता.

"भाऊ!" शेवंता म्हणाली. "मला भाऊच न्हाई. कधी नव्हता."

मग यंत्र सुरू झालं. एकेक डिस्क आत गेली आणि खालच्या ट्रेमध्ये काळी वाळू पडली. मथुराचं पाकीट नव्हतं. तिची नोंद भंगारात गेलेल्या चारांपैकी होती. टोळीसाथीला माहिती काढून टाकायचा हुकूम झाला होता, पण तोवर ती दोन राज्यांतल्या मुकादमांकडं पोचली होती. ती आता कोणी दळू शकत नव्हतं. मथुरा त्या काळ्या वाळूकडं बघत उभी होती. चेहऱ्यावर एवढा राग, की जवळ जायची कोणाची छाती झाली नाही.

*

शेवंतानं आणि तिच्यासारख्या सतरा जणींनी त्या दवाखान्याविरुद्ध खटला भरला. दवाखान्याच्या वकिलांनी एकच मुद्दा लावून धरला. ऑपरेशन झालं नसतं तर या बायका कॅन्सरनं गेल्या असत्या. डॉक्टरनं जीव वाचवला. आता बारा वर्षांनी कोण सांगणार, की गाठ नव्हतीच?

शेवंतानं आठ दिवस विचार केला. मग काठी टेकत मथुराच्या अंगणात गेली. दोघी अंगणातल्या त्या भांडणापासून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"तुझ्या बी कागदावर त्येनं तेच लिवलं व्हतं," शेवंता म्हणाली. "आजच काढा न्हाईतर मरशील. तू काढलं न्हाईस. तू मेली न्हाईस."

"पुन्यांदा समद्यांपुढं सांगावं लागंल," मथुरा म्हणाली.

"व्हय."

"एकदा मुकादमानं सांगितलं. लई लाज वाटली."

"तव्हा त्येनं सांगितलं व्हतं," शेवंता म्हणाली. "आता तू सांग."

साक्षीआधी सरकारी डॉक्टरनं मथुराला तपासलं. गर्भाशय निरोगी. गाठीची कसलीही खूण नाही. पाळीत रक्तस्राव जास्त होता, त्यामुळं रक्त कमी झालेलं. गोळ्यांनी भागण्यासारखं.

न्यायाधीश वयानं लहान होत्या. मथुरा उभी राहिली तेव्हा त्यांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले.

"बाई, तुमची इच्छा असेल तर साक्ष बंद खोलीत घेता येईल. निकालपत्रातही तुमचं नाव येणार नाही, नुसतं अक्षर येईल. तसा तुमचा हक्क आहे."

मथुरानं कोर्टात नजर फिरवली. समोरच्या बाकावर दवाखान्याचा तो डॉक्टर होता, त्याच्या मागं दोन मुकादम, डावीकडं शेवंता आणि सतरा जणी. सगळ्यांत मागच्या रांगेत, भिंतीला टेकून, द्वारका.

"नाव लिवा," मथुरा म्हणाली. "मथुरा बबन केकान. राहनार चिंचधरा. माझी पिशवी माझ्यापाशी हाय. बारा वर्सं हाय. ह्या डाक्टरनं मला हात न लावता सांगितलं, तू मरशील. म्या हितं जित्ती उभी हाय. समदं लिवा. काई गाळू नका."

टंकलेखकाची बोटं चालू झाली. मथुरा एकेक गोष्ट सांगत गेली. जीप, पाच खाटा, संडासाचं दार. वकिलानं दोनदा तिला मध्येच तोडलं. दोन्ही वेळा तिनं वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं उचललं.

दुपारी चारला ती बाहेर आली. पायऱ्यांवर द्वारका थांबली होती.

"अक्का..."

"तुझ्यावरचा राग गेला न्हाई माझा," मथुरा म्हणाली. "एवढ्यात जानार बी न्हाई."

"असू दे."

"असनारच हाय."

जीपवाला भोंगा वाजवत होता. मागच्या बाकावर तिघींपुरतीच जागा होती. मथुरा एका खिडकीशी बसली, द्वारका दुसऱ्या. शेवंता काठी उचलून दोघींच्या मध्ये चढली, ऐसपैस बसली आणि जीपवाल्यावर खेकसली, "चल की आता, कुनाची वाट बघतोस?"